पामीर हायवे सायकलने: घरोघरचा पाहुणचार आणि आपली तयारी

घाटवाटकरी

नमस्कार मंडळी. पामीर हायवे म्हणजे एम-४१, ताजिकिस्तानातलं दुशान्बे ते किर्गिझस्तानातलं ओश, साधारण बाराशे किलोमीटर. टायर, चढ, परवाने यांवर इथे मंचावर धागे झालेत. पण वाटेवर लोक घरात बोलावतात, चहा पाजतात, झोपायला गाद्या घालतात, त्याबद्दल तुकड्यातुकड्यांतच लिहिलं गेलंय. ते एका ठिकाणी आणू. भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

आधी भूगोल, कारण पाहुणचाराची रीत त्यावर ठरते. रुशान, खोरोग आणि वाखान खोरं हा पट्टा बहुतांशी इस्माइली (शिया पंथातल्या) पामिरी लोकांचा. शुग्नी, रुशानी, वाखी या त्यांच्या भाषा. गावं नदीकाठी, जर्दाळू आणि तुतीची झाडं, गहू-जवाची छोटी शेतं. खोरोगची उंची २१०० मीटरच्या आसपास. अलिचूर, मुर्गाब, काराकुल हे वरचं पठार ३६०० ते ३९०० मीटरवर. तिथे वस्ती मुख्यतः सुन्नी किर्गिझ लोकांची, शेती जवळजवळ नाही, मेंढ्या आणि याक. खाली बोलावणं बागेच्या भिंतीवरून येतं, वर यर्टच्या (नमद्याच्या गोल तंबूच्या) दारातून.

दोन्हीकडे उन्हाळा छोटा आणि हिवाळा लांब. वर मुर्गाबला ताटात जे येतं त्यातलं पीठ, तांदूळ, साखर, बटाटे ओशहून किंवा खोरोगहून ट्रकने चढून आलेले असतात. म्हणून माझ्या मते पहिला नियम असा: स्वतःचं तीन दिवसांचं जेवण, स्टोव्ह, तंबू आणि शून्याखाली चालेल अशी स्लीपिंग बॅग जवळ असल्याशिवाय या रस्त्याला लागूच नये. "लोक खूप प्रेमळ आहेत, कोणीतरी जेवू घालेलच" या भरवशावर निघालेला माणूस पाहुणा राहत नाही, भार होतो. स्वतःची सोय असली की बोलावणं मोकळ्या मनाने घेता येतं आणि नाकारताही येतं.

शिधा किती? माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं अन्न. वाखानमधल्या लंगरहून अलिचूर, खारगुश खिंडीतून (४३४४ मीटर), शंभरहून जास्त किलोमीटर एकही गाव नाही, फक्त खारगुशची लष्करी चौकी. मुर्गाब ते काराकुल, अक-बैताल खिंडीतून (४६५५ मीटर), मध्ये एखाद-दुसरं घर. या दोन टप्प्यांसाठी तीन दिवसांवर आणखी एका दिवसाचं राखीव धरा. मनाली-लेहला जसे अधूनमधून पॅराशूट तंबूतले ढाबे भेटतात तसं इथे काही नाही.

रानजाई

छान धागा. बोलावणं खरं आहे की नुसती रीत, हे कसं ओळखायचं ते आधी लिहिते, कारण नवख्यांचा गोंधळ तिथेच होतो.

रस्त्याकडेचा माणूस "चाय! चाय!" अशी हाक देतो. ही बऱ्याचदा आपल्याकडच्या "या, चहा घ्या"सारखी असते. छातीवर उजवा हात ठेवून, किंचित वाकून "रहमत" (धन्यवाद) म्हणायचं आणि निघायची तयारी दाखवायची. मनापासून बोलावणारा पुन्हा बोलावतो, किटली दाखवतो, हँडल धरतो, पोराला सायकल आत घ्यायला पाठवतो. दोन-तीनदा आग्रह झाला की जावं. एकदाच म्हणून तो कामाला वळला तर पुढे निघावं, त्याला वाईट वाटत नाही.

गेलात तर चहा म्हणजे पाऊण ते एक तास, आणि चहाबरोबर रोटी येतेच. "पाच मिनिटांत निघतो" असं होत नाही. दुपारनंतर पठारावर समोरून जोराचा वारा सुटतो, त्यामुळे अकरा वाजता घेतलेला तासाभराचा चहा संध्याकाळी दोन तास खातो. खिंड चढायच्या दिवशी सकाळची बोलावणी नम्रपणे टाळा. वाखानमधल्या गावांमधून जायच्या दिवशी मात्र अंतर ४० किलोमीटरच धरा, म्हणजे घाई होत नाही.

घरात शिरताना बूट कुठे काढायचे ते पाहा. पामिरी घरात मध्ये खोलगट जमीन असते आणि तिच्या भोवती उंच ओटे. बूट खोलगट भागात राहतात, ओट्यावर नाही. सायकलचे क्लीटवाले (पेडलला अडकणारे) बूट असतील तर नाड्या सोडत बसू नका, गावात शिरायच्या आधीच चपला घाला. मोज्यांची एक स्वच्छ जोडी हँडलबार बॅगेत वेगळी ठेवा. दिवसभर पेडल मारून आलेले मोजे गादीजवळ न्यायचे नसतात.

घर नीट बघून घ्या. पाच खांब असतात, त्यांना मुहम्मद, अली, फातिमा, हसन, हुसेन यांची नावं. वर छतात एकावर एक फिरवलेल्या चार चौकटींचं झरोकं असतं, त्या चार चौकटी म्हणजे माती, पाणी, वारा, अग्नी. सामान खांबाला टेकवून ठेवू नये. सायकलसाठी जागा विचारा, बहुतेक गोठ्याच्या बाजूला मिळते.

चेनसेट

दस्तरखान म्हणजे जेवणाचं कापड, त्याचे नियम टाकतो, जिथे लोक नकळत चुकतात ते.

जमिनीवर पसरलेल्या कापडावर पाय पडू देऊ नये, ते ओलांडूनही जाऊ नये, मागून फिरून जावं. रोटी उलटी ठेवत नाहीत, सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. यजमान तोडून समोर ठेवतो, त्यातलाच तुकडा घ्यायचा, नवी अख्खी रोटी आपण मोडायची नाही. उरलेला तुकडा कचऱ्यात टाकू नका, तिथेच राहू द्या.

चहा पियालात (लहान वाडग्यात) अर्धाच ओततात. कमी दिला असं समजू नये. थोडाथोडा गरम ओतत राहणं हाच मान आहे. नको असेल तर पियालावर हात ठेवून रहमत म्हणा.

सकाळी शीर चाय येतो: चहा, दूध, मीठ, लोणी, आणि त्यात रोटीचे तुकडे. गोड चहाच्या अपेक्षेने पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं आणि ते समोरच्याला दिसतं. आधीच माहीत असू द्या. थंडीत सायकल चालवायच्या आधी याहून चांगला नाश्ता नाही: मीठ, चरबी, पाणी, पिठूळ, चारही एका वाडग्यात.

जेवण संपताना घरातला मोठा माणूस ओंजळ करून दुवा म्हणतो आणि सगळे चेहऱ्यावरून हात फिरवतात. आपणही तसंच करावं. त्यानंतर खात नाहीत. आणखी एक तुकडा उचलायचा तो आधी.

पोहेवाला_पुणे

शाकाहारी लोकांचं काय? आमच्या चौघांच्या गटात दोघं पूर्ण शाकाहारी, एक अंडंही खात नाही. घरी बोलावलं तर नाही कसं म्हणायचं?

रानजाई

@पोहेवाला_पुणे, जमतं, पण आधी सांगावं लागतं. ताट समोर आल्यावर नाही. घरात शिरल्या शिरल्या, चहाच्या वेळेलाच सांगा: "बे गुश्त", म्हणजे मांसाशिवाय. रशियन येणारे बरेच असतात, त्यांना "बेज म्यासा". तेवढ्याने काम होत नाही. कारण मांस काढून ठेवलेला शुर्बा (रस्सा) हा त्यांच्या दृष्टीने बिनमांसाचाच असतो, आणि ओश (पुलाव) मेंढीच्या शेपटीच्या चरबीत शिजतो. म्हणून नको काय ते सांगण्यापेक्षा हवं काय ते सांगा: कार्तोश्का (बटाटा), पियोज (कांदा), अंडं चालत असेल तर तुख्म, रोटी, चहा. बटाटा-कांदा परतून देणं कोणत्याही घरात सोपं आहे. आणि तेल सांगा: "रवगान", बाटलीतलं बोट दाखवून. अंडंही न खाणाऱ्याने वर पठारावर बटाटा, रोटी, चहा यापलीकडे काही गृहीत धरू नये.

बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं ठेवा. स्वतःपुरतं काढून खाऊ नका, दस्तरखानावर मध्ये ठेवा. लोणच्याची फोड मात्र लहान द्या, तिथल्या जिभेला तिखट नाही.

तंबूतल्या जेवणात डाळ-तांदूळ टाळा. काराकुलला ३९०० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ शिजत नाही, तांदूळ बाहेर लगदा आणि आत कच्चा राहतो, आणि इंधन संपतं. पोहे, नूडल्स, शेवया, सातूचं पीठ, फार तर तासभर भिजवलेली मसूरडाळ.

डॉ_सह्यवेडा

तब्येतीच्या दोन गोष्टी. आग्रहाचं खाणं आणि पोट हा इथला नेहमीचा प्रश्न आहे.

कच्चं दूध आणि त्याचे पदार्थ: मध्य आशियात जनावरांमध्ये ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग आहे. न उकळलेलं दूध, ताजी साय, घोडीचं आंबवलेलं दूध यांतून तो माणसात येतो, आणि ताप आठवडे-महिने चिकटतो. शीर चायमधलं दूध उकळलेलं असतं, ते बिनघोर घ्या. यर्टमध्ये कैमाक (साय) किंवा आयरान (ताक) दिलं तर ओठांना लावून पियाला खाली ठेवा आणि पोटावर हात ठेवा. पोट बरं नाही ही खूण सगळीकडे कळते आणि त्यावर कोणी आग्रह करत नाही.

जर्दाळू: मोसमात लोक ओंजळी भरून देतात, शर्टात ओततात. रिकाम्या पोटी वीस-पंचवीस खाल्ले आणि वर ओढ्याचं पाणी प्यायलं की रात्री त्रास ठरलेला. फळ उकळलेल्या पाण्याने धुवा, आठ-दहावर थांबा, बाकीचे रस्त्यासाठी मागून घ्या. वाळवलेले जर्दाळू आणि वाळवलेली तुती हे सायकलवरचं उत्तम खाणं.

ओआरएसची पाकिटं माणशी दहा तरी. विरळ हवेत डोकं दुखत असताना पाहुणा म्हणून पडून राहणं यजमानाला घोर लावतं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. ओशहून उलट दिशेने येणाऱ्यांनी सारी-ताशला (३१७० मीटर) दोन रात्री काढाव्यात, कारण पुढे लगेच किझिल-आर्त खिंड ४२८० मीटरवर आहे.

कोकणकडा_२

पैशांचं लिहा कोणीतरी. माझं मत: होमस्टे नसेल तिथे सकाळी गुपचूप गादीखाली नोट ठेवून निघावं.

घाटवाटकरी

@कोकणकडा_२, हे पटत नाही. गादीखालची नोट सापडली की दोन गोष्टी होतात. एक, विसरली असं समजून पोरगं मोटरसायकलवरून मागे धावतं. दुसरी, "आपण बोलावलं आणि त्याने किंमत लावली" असं वाटतं. दोन्ही टाळता येतात.

आधी हे घर होमस्टे आहे का ते ओळखा. वाखान, खोरोग, मुर्गाबमध्ये पाटी असते, किंवा खोरोगच्या पामीर इको-कल्चरल टूरिझम असोसिएशनसारख्या संस्थांच्या यादीत नाव असतं. तिथे दारातच विचारा, "चंद सोमोनी?", म्हणजे किती सोमोनी (ताजिक चलन). रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी १५ ते २० डॉलरच्या आसपास पडतं, गावागावात कमीजास्त. सांगितलेली रक्कम घासाघीस न करता द्या. हे त्यांचं वर्षभराच्या रोखीचं मोठं साधन आहे.

पाटी नाही, ठरवलेलं नाही, माणसाने स्वतः बोलावलं, तर सकाळी निघायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात, डावा हात छातीवर ठेवून, नोट द्या आणि म्हणा "बरोइ बचाहो", मुलांसाठी. एकदा नाकारतील, पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही ठामपणे नाकारलं तर थांबा. मग पुढच्या दुकानातून चहाचा पुडा, साखर, तेलाची बाटली घेऊन त्या दिशेला जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवा. ड्रायव्हर पोचवतात, नाव आणि गाव सांगितलं की पुरे.

कोकणकडा_२

मुलांसाठी म्हणून देण्याची पद्धत माझ्यापेक्षा बरी आहे, मान्य. पण किती द्यायचे?

घाटवाटकरी

जेवलात, झोपलात तर होमस्टेच्या निम्म्याच्या आसपास. नुसता चहा असेल तर पैसे अजिबात नकोत, बिस्किटं किंवा सुकामेवा दस्तरखानावर ठेवा. खोरोगहून निघताना १०, २०, ५० सोमोनीच्या नोटा सुट्या करून घ्या. पुढे ५०० ची नोट मोडायला कोणाकडे सुटे नसतात, आणि मग सुट्यांसाठी घरचेच शेजारी धावतात.

रस्त्यावरच्या मुलांना मात्र पैसे, गोळ्या, पेनं वाटू नका. एका सायकलवाल्याने वाटलं की मागून येणाऱ्या दहा जणांच्या मागे मुलं धावतात, मिळालं नाही की कॅरियर ओढतात. वह्या द्यायच्या असतील तर शाळेत शिक्षकांकडे.

चेनसेट

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून ठळक लिहितो: वर पठारावर गरम पाण्याची अंघोळ मागू नका.

मुर्गाब भागात झाड नाही. चुलीत जातं ते शेण आणि तेरेस्केन. तेरेस्केन म्हणजे खुरटं, लाकडी मुळाचं झुडूप. ते मुळासकट उपटतात, वाळवतात, घराच्या भिंतीला रचून ठेवतात. खूप सावकाश वाढतं, आणि गावाभोवतीचं संपल्यामुळे आता लांबून आणावं लागतं. भिंतीजवळचा तो ढीग म्हणजे त्या घराचा हिवाळा. चौघा सायकलवाल्यांना बादलीभर गरम पाणी म्हणजे त्यातला चांगला भारा. होमस्टेमध्ये बान्याचे (गरम न्हाणीघराचे) पैसे वेगळे सांगितले तर त्याचं कारण हेच, खुशीने द्या. स्वतःहून बोलावलेल्या घरात तोंड-हात धुवायला तांब्याभर पाणी पुरे. अंघोळ खोरोगला, किंवा वाखानमध्ये यामचूनजवळच्या बीबी फातिमाच्या गरम झऱ्यावर.

तसंच पाण्याचं. वाखानच्या गावांत घराजवळून जो छोटा पाट वाहतो तो शेताचाही आणि पिण्याचाही. त्यात चेन धुणं, डीग्रीजर सांडणं, चड्डी बुचकळणं अजिबात नको. कापडावर थोडं रॉकेल घेऊन चेन पुसा, ते कापड पिशवीत घालून पुढे न्या.

वीजही बेताची असते, बऱ्याच यर्टवर एक सोलर पॅनेल आणि एक बॅटरी. पॉवर बँक तिथे लावू नका. डायनॅमो हब (चाकातलं जनित्र) वापरा किंवा २०००० एमएएचची बँक खोरोगला भरून न्या.

वारूळ

बायकांनी एकट्याने केलं तर? माझी बहीण आणि तिची मैत्रीण पुढच्या जुलैत जायचं म्हणताहेत.

रानजाई

@वारूळ, उलट बायकांना घर जास्त मोकळं होतं, स्वयंपाकाच्या भागातही बोलावतात. इस्माइली पट्ट्यात डोकं झाकायची सक्ती नाही, पण घट्ट सायकलिंग शॉर्ट्सवर गावात उतरू नये. वरून घालायची सैल पॅन्ट हाताशी ठेवा. पुरुषांनाही हेच लागू. आणि पुरुषांसाठी आणखी एक: दारात फक्त बाई किंवा मुलं असतील आणि घरात पुरुष नसेल तर बोलावलं तरी अंगणातच बसा.

राहायचं ठिकाण पाच वाजायच्या आत ठरवा. अंधार पडल्यावर दार ठोठावलं की नाही म्हणताच येत नाही, आणि चूल पुन्हा पेटवावी लागते. गावात कोणाला विचारायचं? शाळेतले इंग्रजीचे शिक्षक किंवा दुकानदार. "इथे तंबू लावू का?" असं विचारा, "घरात राहू का?" असं नको. घरात घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. चौघांपेक्षा जास्त असाल तर दोन घरांत विभागून जा.

जुलै-ऑगस्टमध्ये गवतकापणी, मग वाखानमध्ये गहू-जवाची काढणी. दुपारी घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच असतात. संध्याकाळी लवकर पोचलात तर पाण्याच्या बादल्या आणा, गवताच्या पेंढ्या उचला. शब्द येत नसले तरी चालतं.

घाटवाटकरी

तंबूचा विषय निघालाय तर हे वाचाच. पंज नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान. अलीकडच्या काठावर काही ठिकाणी जुने भूसुरुंग आहेत. रस्ता आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत तंबू लावू नका, लघवीलाही खाली उतरू नका. डोंगराकडच्या बाजूला, किंवा सरळ गावातल्या बागेत विचारून. गस्तीचे सैनिक रात्री येऊन उठवतात ते याचमुळे. त्यांच्याशी वाद नको, कागद दाखवा.

गोर्नो-बदख्शानचा (पामीरच्या या ताजिक प्रांताचा) परवाना आणि पासपोर्ट-व्हिसाच्या आठ-दहा छापील प्रती ठेवा, चौक्यांवर प्रत दिली की काम लवकर होतं. चौकी, पूल, सैनिक यांचे फोटो नाहीत. २९ जुलै २०१८ ला दक्षिण ताजिकिस्तानातल्या दांघारा भागात सायकलवाल्यांवर हल्ला होऊन चौघांचा जीव गेला होता, आणि २०२२ मध्ये बदख्शानचा भाग काही काळ पर्यटकांना बंद होता. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती तपासा. अशा वेळी गावकरी "पुढे जाऊ नका" म्हणाले तर ऐका.

पोहेवाला_पुणे

धन्यवाद सगळ्यांना. शाकाहाराचं कार्ड करून घेतो. भेट म्हणून इथून काय न्यावं? वजन अर्धा किलोच्या वर नको.

रानजाई

घरच्यांचा फोटो. खिशात मावणारा छोटा प्रिंटर आणि चाळीस-पन्नास कागद यातच अर्धा किलो होतो. आजी-आजोबा, नातवंडं सगळे बसवून काढा, तिथेच छापून द्या. "नंतर पाठवतो" म्हणू नका, वरच्या पठारावर नेटवर्कचा भरवसा नाही. प्रिंटर नको असेल तर वेलदोडे, १०० ग्रॅम पुष्कळ होतात. हिंदुस्थानातून आलो म्हटलं की राज कपूर आणि मिथुनचं नाव निघतंच, वयस्कर माणसं गाण्याची ओळही म्हणतात. एखादं जुनं गाणं पाठ असू द्या, म्हणायचा आग्रह होतो.

चेनसेट

दुरुस्तीतला पाहुणचार राहिला. कॅरियर तुटणं ही इथली सगळ्यात नेहमीची बिघाडी, कारण रस्त्यावरच्या आडव्या लाटा दिवसभर एम-५ बोल्ट सैल करतात. ॲल्युमिनियमचं कॅरियर तुटलं की तिथे वेल्ड होत नाही. स्टीलचं असेल तर खोरोग किंवा मुर्गाबला ट्रकची कामं करणारा कोणीही जोडून देतो. जोडून घ्यायच्या आधी पॅनियर (कॅरियरच्या पिशव्या), ब्रेक केबल, डायनॅमोची वायर बाजूला काढा. रोज सकाळी निघायच्या आधी आठही बोल्ट हाताने तपासा, त्यांच्या आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, चार जादा बोल्ट आणि दोन होज क्लॅम्प ठेवा. टायर दोन इंचांपेक्षा अरुंद नको.

असे मिस्त्री बऱ्याचदा पैसे घेत नाहीत. तिथे "मुलांसाठी" चालत नाही, ते काम आहे. त्याच्या वेल्डिंग रॉडचे आणि जनरेटरच्या पेट्रोलचे पैसे देतो असं म्हणा. सामानाची किंमत तो घेतो, हाताची नाही घेत. मग त्याच्याबरोबर बसून चहा प्या, त्या दिवशी पुढे जायची घाई करू नका.

वारूळ

@चेनसेट, स्पोक (चाकाच्या तारा) किती न्यायचे?

चेनसेट

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या लांबीचे चार-चार, पुढचे दोन, आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) काढायचं टूल. लांबी चिकटपट्टीवर लिहून सीट पोस्टमध्ये गुंडाळून ठेवा. खोरोगच्या बाजारात स्पोक मिळाले तरी तुमच्या मापाचे मिळतीलच असं नाही, आणि पुढे मुर्गाबला तर धरूच नका.